सुट्या तक्रारींची बेरीज

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही चांगल्या फाउंड्रीत तयार कास्टिंग हातात घेतले, तर त्यावर उमटवलेली काही अक्षरे आणि आकडे दिसतात. नग ब्रेक ड्रमचा असो, व्हील हबचा असो की सिलिंडर हेडचा, तो कोणत्या तारखेला आणि भट्टीच्या कोणत्या हीटमधून ओतला, हे त्या खुणेवरून कळते. पुढे मोटार कंपनीच्या मशीनशॉपमध्ये एखाद्या नगात ब्लो होल सापडले की फाउंड्रीत फोन येतो आणि त्या हीटचे रजिस्टर उघडले जाते. धातूचा रिपोर्ट काय होता, वाळूत ओल किती होती, त्याच हीटमधले बाकीचे नग कुठे गेले, ते अजून थांबवता येतील का, याचा शोध सुरू होतो. सापडलेला दोष एका नगाचा म्हणून कुणी सोडून देत नाही. आधी सगळा लॉट संशयित धरायचा आणि मग चांगले नग मोकळे करायचे, ही या धंद्याची रीत आहे. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीतून वाढलेल्या आणि आज तीनशेच्या आसपास फाउंड्री असलेल्या कोल्हापूरला ही रीत पाठ आहे.

तो नग गाडीत बसून शोरूमबाहेर पडला, की रीत बदलायची. गाडी रस्त्यात पेटली, एअरबॅग उघडली नाही, पुढचा फोर्क मोडला, तर तो त्या एकट्या मालकाचा प्रश्न ठरायचा. सर्व्हिस सेंटरवर त्यालाच उलट विचारले जायचे: बाहेरून वायरिंग करून घेतले होते का? गाडी कुठे आदळली होती का? सर्व्हिसिंग वेळेवर केले होते का? आपल्यासारखेच दुसऱ्या गावात कुणाला झाले आहे का, हे कळायला त्याच्याकडे रजिस्टर नव्हते. कारखान्यात लॉटने मोजला जाणारा दोष गिऱ्हाइकाच्या दारात एकेकाचे नशीब होऊन बसत असे. हे बदलायला भारतात २००९ ते २०२२ अशी सुमारे तेरा वर्षे लागली, आणि त्यातले बरेच प्रसंग महाराष्ट्राच्या रस्त्यांवर घडले.

वाहनधारक एकत्र आले की काय होते, हे कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटींच्या प्रकल्पात बांधून त्या बदल्यात ३० वर्षे टोल घेण्याचा करार झाला, तेव्हा शहर उठले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयाने थकलेली, पण निर्धाराची माणसे मोर्चांच्या पुढे होती. १२ जानेवारी २०१४ रोजी जमावाने टोलनाके मोडले, पेटवले. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. त्या लढ्याला एक मोठी सोय होती. नाके नऊ, तेही ठरलेल्या जागी, आणि प्रत्येक गाडीवाला रोज तिथूनच जाणार. अन्याय डोळ्यांसमोर उभा होता, त्याची पावती हातात पडत होती आणि शेजारच्या गाडीवाल्यालाही तीच पावती मिळत होती. गाडीतल्या दोषाला असा नाका नसतो. एका मॉडेलचे मालक शंभर गावांत विखुरलेले असतात, दोष हजारात एखाद्या गाडीत उघडा पडतो, आणि ज्याच्या गाडीत तो उघडा पडला त्याला बाकीचे नऊशे नव्व्याण्णव ओळखतही नाहीत. म्हणून हा लढा मोर्चाने जिंकण्यासारखा नव्हताच. तो मोजणीने जिंकायचा होता, आणि मोजायचे कुणी, हेच ठरलेले नव्हते.

नॅनोच्या निमित्ताने हे पहिल्यांदा देशभर दिसले. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली ही गाडी २३ मार्च २००९ रोजी बाजारात आली. कारखान्यातली किंमत एक लाख रुपये. दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या एक लाख गाड्यांसाठी सोडत काढावी लागली. त्या सोडतीत नाव निघालेल्यांपैकी अनेकांच्या घराण्यात आधी कुणी चारचाकी घेतलेली नव्हती. जुलै २००९ मध्ये मुंबईत पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. ऑक्टोबरपर्यंत दिल्ली, अहमदाबाद आणि लखनौ इथे स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाल्याच्या घटना घडल्या होत्या. कंपनीने तो स्विच तपासायला घेतला.

मग २१ मार्च २०१० आला. मुंबईतला एक विमा प्रतिनिधी शोरूममधून नवी कोरी नॅनो घेऊन कुटुंबासह मुलुंडच्या घराकडे निघाला होता. गाडी चालवायला सोबत चालक होता. नॅनोचे इंजिन मागे. मागून येणाऱ्या एका मोटारसायकलस्वाराला ज्वाळा दिसल्या आणि त्याने ओरडून सावध केले. सगळे बाहेर पडले आणि गाडी डोळ्यांदेखत जळाली. तिला हार घालून काही तासच झाले असतील. दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र देशभरच्या वर्तमानपत्रांत होते. एप्रिलमध्ये गुजरातेत आणखी एक नॅनो पेटली.

कंपनीने तज्ज्ञ नेमून चौकशी केली. निष्कर्ष असा, की गाडीच्या मूळ रचनेत खोट नाही. पेटलेल्या गाड्यांची कारणे त्या त्या गाडीपुरती आहेत. कुठे जादा विद्युत उपकरण बसवलेले, कुठे एक्झॉस्टवर बाहेरची वस्तू पडलेली. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे सत्तर हजार गाड्यांना एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेत जादा संरक्षण मोफत बसवून देण्याची तयारी दाखवली. मात्र हे गाड्या परत मागवणे नाही, असे आवर्जून सांगितले. त्याच नोव्हेंबरमध्ये देशभरात अवघ्या ५०९ नॅनो खपल्या.

या आकड्याकडे नीट पाहायला हवे. मालकांकडे तक्रार नोंदवायला सरकारी खिडकी नव्हती, दोष कोणत्या गाड्यांत आहे हे विचारायचा अधिकार नव्हता, कंपनीच्या चौकशीचा पूर्ण अहवाल मागायचीही सोय नव्हती. त्यांच्या हातात एकच हत्यार होते, ते म्हणजे न घेणे. ते त्यांनी वापरले. पण ज्याने गाडी आधीच घेतली होती, त्याच्या हातात तेही नव्हते. एका चांगल्या कल्पनेची गाडीही त्यात भरडली गेली. लोकांसमोर उघड चौकशी झाली असती, किती गाड्यांची तक्रार आहे आणि कशाची, हे एखाद्या तटस्थ यंत्रणेने सांगितले असते, तर मालकांचे भले झालेच असते, पण नॅनोचेही झाले असते.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि या कामाच्या रेट्याचा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मोठा वाटा आहे. त्या कायद्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले, कोल्हापुरातही आला. मिक्सर, विमा, बिल्डरने रखडवलेला फ्लॅट, अशा भांडणांत मंच उपयोगी पडले. गाडीच्या बाबतीत मात्र गाडे एका जागी अडायचे. दोष कारखान्यातला आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल हवा. तो तज्ज्ञ आणायचा कुठून, आणि आणला तरी उघडून तपासायला गाडी किती महिने बंद ठेवायची? समोर कंपनीचे अभियंते, त्यांच्या प्रयोगशाळा, त्यांचे वकील. खेड्यातून येऊन तारखेला उभा राहणारा मालक तिथे हरायचा तो खोटा होता म्हणून नव्हे, तर पुरावा महाग होता म्हणून. आणि जिंकला तरी गाडी बदलून मिळायची त्याला एकट्याला. त्याच्या मागेपुढे त्याच आठवड्यात बनलेल्या गाड्या तशाच धावत राहायच्या.

अमेरिकेने हा प्रश्न १९६६ मध्येच वेगळ्या तऱ्हेने हाताळला होता. त्याआधीच्या वर्षी राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींतल्या धोकादायक रचनेवर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती. त्यातून आलेल्या कायद्याने सरकारला सुरक्षेचे निकष ठरवायचा अधिकार दिला, आणि दोष आढळल्यास मालकांना कळवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. पुढे सक्तीने गाड्या परत मागवण्याची तरतूद झाली. तिथे मालकाची तक्रार कंपनीच्या कपाटात न जाता सरकारी नोंदीत जाते आणि दुसऱ्या मालकाला ती वाचता येते.

तरीही नोंद असली म्हणजे सगळे होते असे नाही, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने दाखवून दिले. शेव्हरोले कोबाल्ट आणि तिच्या भावंड-मॉडेलांत किल्ली फिरवायचा स्विच इतका ढिला होता, की जड कीचेनच्या ओझ्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो चालत्या गाडीत मागे सरकायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि नेमक्या त्याच क्षणी गाडी आदळली तर एअरबॅगही बंद. कंपनीच्या एका अभियंत्याने २००६ च्या सुमारास स्विचमध्ये सुधारणा मंजूर केली, पण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला. झाले असे, की जुने धोकादायक स्विच आणि नवे बरे स्विच कागदावर एकच होते. काही वर्षांच्या गाड्यांत माणसे मरतात आणि नंतरच्या गाड्यांत मरत नाहीत, याचे कारण चौकशी करणाऱ्यांना सापडेना. शेवटी जॉर्जिया राज्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईवडिलांनी दावा लावला, त्यांच्या वकिलाने अभियंता नेमला, आणि त्याने अपघातातल्या गाडीचा स्विच व नवा विकत घेतलेला स्विच शेजारी ठेवून फरक दाखवला. फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत मागवल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. शिरोलीतला कुठलाही सुपरवायझर सांगेल, की पॅटर्न बदलला आणि खूण तीच ठेवली तर उद्या कुठला माल बाद करायचा हेच कळणार नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीत ही चूक झाली, ती दहा वर्षे दबून राहिली, आणि ती उघडी पडली ती एका घराने भांडण न सोडल्यामुळे.

भारतात तोवर काय चालले होते? वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेने जुलै २०१२ पासून स्वतःहून गाड्या परत मागवण्याची आचारसंहिता लागू केली. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांत सुरक्षेचा दोष आढळला तर कंपनीने कळवावे आणि फुकट दुरुस्त करावे, असे तिचे स्वरूप होते. पाऊल चांगले होते, त्यामुळे कंपन्यांनी पुढच्या काळात लाखो गाड्या तपासायला बोलावल्याही. पण दोष आहे की नाही हे ठरवणार कंपनीच, आणि कंपनीने नाही म्हटले तर मालकाने कुठे जावे याचे उत्तर त्यात नव्हते.

३१ जानेवारी २०१४ रोजी ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच भारतीय गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून निकाल जाहीर केले: मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो, फोक्सवॅगन पोलो. एअरबॅग नसलेल्या या सगळ्या प्राथमिक आवृत्त्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्या घडीला भारतात अशी धडक-चाचणी सक्तीची नव्हती. ती नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्या मोटारींना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. फोक्सवॅगनने मात्र पोलोची एअरबॅगशिवायची आवृत्ती विकणे तेव्हाच थांबवले. आपण हप्ते भरून घेतलेल्या गाडीचा सांगाडा कसा चिरडतो, हे मालकांनी पहिल्यांदा चित्रफितीत पाहिले. मायलेज किती, एवढेच विचारणारा गिऱ्हाईक एअरबॅग किती, हे विचारू लागला तो त्यानंतर.

ज्यांच्या नावावर गाडीच नाही अशांचे काय, हा प्रश्नही याच काळात रक्ताळून समोर आला. ३० ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे बंगळूरहून हैदराबादला जाणारी बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ कठड्याला घासून पेटली आणि ४५ जण जळून मेले. पंधरवड्यात, १४ नोव्हेंबरला, बंगळूरहून मुंबईला निघालेली बस हावेरीजवळ अशीच पेटली आणि सात जण गेले. हावेरी-बेळगाव-कोल्हापूर हाच त्या बसचा मार्ग. रात्री तावडे हॉटेलजवळ उभे राहून अशाच बसमध्ये चढणाऱ्या कोल्हापूरकरांना ती बातमी परक्या राज्यातली वाटली नाही. बसच्या दोषाबद्दल तक्रार करायची ती मालकाने, आणि मालक म्हणजे ट्रॅव्हल कंपनी. आत झोपलेल्या प्रवाशाला तिकिटापलीकडे हक्क नाही. या बाबतीत आपला कायदा अजूनही पुरेसा बोलत नाही, असेच म्हणावे लागेल.

कायदा बदलला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. मोटार वाहन सुधारणा कायद्याची चर्चा गावोगाव झाली ती हेल्मेट आणि सीटबेल्टच्या वाढीव दंडांमुळे. चौकाचौकात लोक नव्या पावत्यांवर चिडले होते, आणि त्या गदारोळात कलम ११०-अ कुणाच्या लक्षातही आले नाही. वाहनातल्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, आत बसलेल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना इजा होण्याचा संभव असेल, तर त्या प्रकारची वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते, असे हे कलम सांगते. दोषाची खबर ठरावीक प्रमाणात मालकांकडून, चाचणी संस्थेकडून किंवा अन्य मार्गाने आली तरी चालते. उत्पादकाने खर्च भरून द्यावा, दुरुस्त करावे किंवा बदलून द्यावे. प्रकरण सातच्या तरतुदी मोडणाऱ्या उत्पादकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा शंभर कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही सोबत आली.

१ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले आणि परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर मालकाला थेट तक्रार नोंदवता येऊ लागली. वर्षाला दहा हजारांहून जास्त खपणाऱ्या मोटारीबद्दल हजाराहून अधिक तक्रारी जमल्या, की चौकशी सुरू व्हावी. दोष ठरला तर सक्तीने परत मागवताना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. आकडा मोठा आहे. ब्रेकच्या दोषात हजार माणसांनी तक्रार करेपर्यंत थांबायचे, हे ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण या नियमाने एक गोष्ट मान्य केली, जी आधी कुठेच लिहिलेली नव्हती: विखुरलेल्या तक्रारींची बेरीज होऊ शकते, आणि ती बेरीज करणे हे सरकारचे काम आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल एनफिल्डने २,३६,९६६ मोटारसायकली तपासायला बोलावल्या. मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट. डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या गाड्यांच्या इग्निशन कॉइलमध्ये दोष होता. गाडी मिसफायर व्हायची, क्वचित शॉर्टसर्किटची शक्यता. दहापैकी एका गाडीचीही कॉइल बदलावी लागणार नाही असा कंपनीचा अंदाज होता, तरी बोलावल्या सगळ्या. पुरवठादाराचा लॉट ओळखता आला म्हणून हे शक्य झाले. ज्या गावात तालमीच्या दारात बुलेट लावायची हौस आहे, तिथे त्या आठवड्यात अनेकांनी आपापला चेसिस नंबर पहिल्यांदा वाचून पाहिला असेल.

नव्या कायद्याची खरी कसोटी पुढच्या उन्हाळ्यात लागली. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव-धानोरी भागात रस्त्याकडेला उभी असलेली ओलाची विजेवरची स्कूटर पेटली. आधी पांढरा धूर, मग काही क्षणांत लोळ. ती चित्रफीत हातोहात फिरली. त्याच सुमारास वेल्लोरमध्ये चार्जिंगला लावलेल्या ओकिनावा स्कूटरच्या आगीत बाप आणि मुलगी गेले. ९ एप्रिलला नाशिकजवळ कंटेनरमध्ये भरलेल्या चाळीसपैकी वीस स्कूटर जळाल्या. लिथियमच्या बॅटरीतला एक सेल तापला, की शेजारच्या सेलला तापवतो आणि आग स्वतःच स्वतःला पुरवठा करत जाते. पाण्याची बादली तिथे कामाची नाही. पेट्रोलचे दर वाढले म्हणून विजेच्या गाडीकडे वळलेली माणसे रात्री ती घरात चार्जिंगला लावायला घाबरू लागली.

केंद्राने संरक्षण संशोधन संस्थेच्या आगविषयक प्रयोगशाळेकडे तपास दिला. २१ एप्रिलला नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितले, की हलगर्जी आढळली तर जबर दंड होईल आणि गाड्या परत मागवायचे आदेश निघतील. कंपन्यांनी त्याआधीच स्वतःहून पावले उचलावीत. त्याच सुमारास ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१ स्कूटर परत मागवल्या. प्रत्यक्ष आदेशाची वाट कुणी पाहिली नाही. बॅटरीचे निकष त्यानंतर कडक झाले आणि डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. तोपर्यंत वसईत सप्टेंबरमध्ये घरात चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या स्फोटाने सात वर्षांच्या मुलाचा बळी घेतला होता.

याच एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातल्या परळी वैजनाथला एक मिरवणूक निघाली. तिथल्या एका व्यावसायिकाची नवी ओला स्कूटर थोड्याच दिवसांत बंद पडली. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला, मग कुणी फिरकले नाही, फोनवर उत्तर मिळेना. त्याने स्कूटर गाढवाला बांधली, दोन्हीकडे फलक लावले आणि गावभर फिरवली. हसण्यावारी नेली गेलेली ही बातमी खरे तर पदराला खार लावून बसलेल्या माणसाच्या हतबलतेची होती. शोरूम गावात नाही, खरेदी फोनवरून, भांडायला समोर माणूस नाही. मग त्याने सगळ्या गावालाच साक्षीला बोलावले. पुढे पुढचा फोर्क मोडल्याची छायाचित्रे ठिकठिकाणच्या मालकांनी एकमेकांना दाखवायला सुरुवात केली. भीती निराधार आहे असे सांगत मार्च २०२३ मध्ये ओलाने नवा, अधिक मजबूत फोर्क मोफत बसवून द्यायचे जाहीर केले. नॅनोच्या वेळचेच हे वळण, फरक एवढाच, की या वेळी मालक एकमेकांना सापडले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस दिली, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात आलेल्या १०,६४४ तक्रारी तिला आधार होत्या. आपण त्यातल्या बहुतेक सगळ्या सोडवल्याचे कंपनीने सांगितले.

न्यायालयाच्या वाटेवरही याच दरम्यान एक मोठा धोंडा हलला. दिल्लीच्या एका ग्राहकाने ऑगस्ट २०१५ मध्ये ह्युंदाई क्रेटा घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये पानिपत मार्गावर अपघात झाला, गाडीचा पुढचा भाग चेपला, एअरबॅग उघडल्या नाहीत, आणि त्याला गंभीर इजा झाली. कंपनीचे म्हणणे, की धडक पुरेशा जोराची नव्हती. प्रकरण राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग करत सर्वोच्च न्यायालयात गेले. २० एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की गाडी घेणारा माणूस भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो. वेग आणि बल यांचे गणित मांडून एअरबॅग कधी उघडायला हवी हे त्याने सिद्ध करावे, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही. तीन लाखांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला. तज्ज्ञाच्या अहवालाअभावी हरत आलेल्या मालकांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. त्यातच २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याने सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी स्पष्ट केली आणि ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली. गाडी पुण्यात घेतली असली, तरी आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या माणसाला आता तारखेला पुण्याला जावे लागत नाही. कोल्हापूरचा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

इतके झाल्यावर उरते ती सात वर्षांची मर्यादा, आणि ती खटकते. सक्तीने परत मागवण्याचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगने जगाला नेमके उलटे शिकवले. त्या एअरबॅगच्या इन्फ्लेटरमधले अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणा यांत वर्षानुवर्षे राहून बिघडते, आणि अपघातात जीव वाचवण्याऐवजी धातूचे तुकडे चालकाच्या गळ्यात घुसवते. म्हणजे गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका धोका वाढत जातो. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवावे लागले, २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतात होंडाने एप्रिल २०१९ मध्ये ३,६६९ अकॉर्ड गाड्या याच दोषासाठी बोलावल्या. त्या २००३ ते २००६ मधल्या होत्या, म्हणजे तेरा ते सोळा वर्षांच्या. कंपनीने ते स्वतःहून केले. नियमाने तिला भाग पाडता आले नसते.

कोल्हापूरच्या बाजारात मुंबई-पुण्याकडून आलेल्या जुन्या गाड्या मोठ्या प्रमाणात खपतात. त्यांचा दुसरा-तिसरा मालक कंपनीच्या यादीत नसतो, परत मागवण्याचे पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडते, आणि कोकणातल्या दमट हवेत घाट उतरून-चढून ती गाडी दहा-पंधरा वर्षे धावत राहते. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चेसिस नंबर टाकला, की त्या गाडीसाठी एखादी मोफत दुरुस्ती बाकी आहे का, हे कळते. आरसी बुकावर तो नंबर छापलेला असतो, आणि गाडी नावावर करून घेताना तो आरटीओत तपासलाही जातो. त्याच टेबलावर, त्याच वेळी, बाकी राहिलेल्या दुरुस्तीची खबर नव्या मालकाला देणे परिवहन खात्याला अवघड नाही; त्यासाठी लागणारा नंबर सरकार आणि कंपनी या दोघांकडेही आधीपासून आहे.